मागचं दार

"अजून थोडा मोठा आ करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा ठकूने जबडा ताणला आणि डोळे छताला लावले.

वाकड्या मानेच्या दिव्याने अर्धं छत झाकलं होतं. उरलेलं अर्धं तिने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न्याहाळलं. तिथे लाकडी तुळया असायला हव्या होत्या. त्या जागी पांढरंशुभ्र, सपाट प्लास्टर होतं. छत खाली आणलेलं दिसतंय, एवढं तिने मनाशी टिपलं आणि आरशाच्या आड येणारी जीभ बाजूला केली.

"वरची दाढ ठणकते म्हणालात ना फोनवर?" डॉक्टरीणबाईंनी दाढेवर दोनदा टकटक केलं. "ही तर ठणठणीत आहे. तुमच्या पश्चातही टिकेल."

ठकूला हसायचं होतं, पण तोंडात दोन हत्यारं होती.

"खालची मात्र पार पोखरलीय. ही दुखत नाही?"

तिने मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी चिमट्यात बर्फासारखा गार कापसाचा बोळा धरला आणि खालच्या दाढेला लावला. काही जाणवतंय का, म्हणून विचारलं. नाही. आता? आताही नाही. बोळा काढून त्यांनी बाजूला ठेवला.

"नस मेलीय," मग त्या म्हणाल्या. "कधी, ते नाही सांगता यायचं. दोनतीन वेळा यावं लागेल तुम्हाला."

करायला गेली एक आणि झालं भलतंच. दाढदुखी ठकूने रचलेली होती. या घरात शिरायला तिला दुसरी वाटच सुचली नव्हती.

घर तिचं होतं, म्हणजे भाड्याचं, पण जन्मापासून सहा वर्षांची होईपर्यंतचं. एकापुढे एक अशा तीन खोल्या: बाहेरची, मधली आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत आता पेशंट बसत, मधलीत ही खुर्ची होती. ठकूच्या पुस्तकांवर तिचं दुसरं, चांगलं भारदस्त नाव असे. घरात मात्र तिला सगळे ठकूच म्हणत आले, साठी जवळ आली तरी. तेव्हा आपणही तेच म्हणू.

ती सहा वर्षांची असताना एका पहाटे तिची आई घर सोडून गेली. आदल्या दिवशी भांडण नाही, तंटा नाही, शेजाऱ्यांच्या कानावर पडावं असं काही नाही. सकाळी मुलं उठली तर आई नव्हती. पुढे ती दुसऱ्या एका गावी शिवणकाम करते असं ऐकू आलं आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ती वारल्याचं. ठकू आणि दादा आत्याच्या घरी वाढली. बाबाही तिथेच येऊन राहिले.

बाबांना जो तो विचारी, की अरे, बायको घरातून निघून जाते आणि तुला पत्ता लागत नाही? बाबा म्हणत, "मला गाढ झोप लागली होती." याहून जास्त एक अक्षर त्यांनी कधी सांगितलं नाही. आत्याने त्यांचं नाव कुंभकर्ण ठेवलं. लग्नाकार्यात माणसं जमली की कुणीतरी म्हणेच, सामानाच्या राखणीला कुणालाही बसवा, पण या गृहस्थाला नको. बाबाही सगळ्यांबरोबर हसत. दादा तेवढा हसत नसे. तो ठकूपेक्षा सहा वर्षांनी मोठा. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाला होता आणि घरातही अजून शिट्टी तोंडात असल्यासारखा बोलत असे. तरुणपणी एकदा तो बाबांना फाडकन म्हणाला होता, की तुम्ही जागे असता तर आई गेली नसती. बाबा जेवत होते. घास गिळून ते म्हणाले, "खरं आहे." त्यानंतर दादा त्यांच्याशी कामापुरतं बोले.

गेल्या वर्षी बाबा गेले. ठकूने सगळं निगुतीने पार पाडलं. कुणाला कळवायचं, कुणाला आणायला गाडी पाठवायची, आल्यागेल्याचा चहा, काही चुकलं नाही. रडायचं तेवढं राहून गेलं. राहून गेलं, असंच ती म्हणे, बाजारातून आणायची एखादी वस्तू राहून जावी तसं. वाट पाहिली, पण आतून काही आलं नाही. मग तिने आईवर कादंबरी लिहायला घेतली.

कादंबरीत आई पहाटे उठते, पिशवी उचलते, अनवाणी स्वयंपाकघरात येते आणि मागचं दार उघडून अंगणात उतरते. अंगणात पाण्याची टाकी आहे, वाळत घातलेले कपडे आहेत, कुंपणाला फट आहे. हा प्रसंग ठकूने कितीदा तरी लिहिला. तिचे संपादक भला माणूस. त्यांनी हस्तलिखित परत देताना चहा मागवला, तेव्हाच तिने ओळखलं. ते म्हणाले, बाई, वाक्यं सगळी जागच्या जागी आहेत, पण ही बाई घरातून जातेय असं वाटत नाही, कारण घरच दिसत नाही. घर आहे ना अजून? मग एकदा बघून या.

ती आली, तर दाराशी दातांच्या दवाखान्याची पाटी. मी लेखिका आहे, हे माझं घर होतं, जरा बघू का, असं म्हणता आलं असतं. पण मग काय झालं होतं हो इथे, असा प्रश्न आला असता. त्यापेक्षा दाढ सोपी वाटली.

ज्या खोलीत आईबाबा झोपत, तिथे ती पहिल्या दिवशी तासभर आडवी पडून राहिली. आता काहीतरी हलेल, आता हलेल, म्हणून वाट पाहत होती. काही हललं नाही. घरी येऊन तिने लिहिलं, 'छत खाली आलं आहे', आणि वही मिटली.

दुसऱ्या खेपेला दाढेचा फोटो काढायला तिला आत नेलं. आत म्हणजे स्वयंपाकघरात. ओट्याच्या जागी आता हत्यारं उकळायचं यंत्र होतं. ठकूने दारातूनच समोर पाहिलं. समोर नुसती भिंत होती. उजवीकडे न्हाणीघराचं जुनं दार आणि वर एक झरोका. बाकी सलग भिंत.

फोटो काढून झाल्यावर तिने शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, की इथलं मागचं दार तुम्ही बुजवलंत का?

"मागचं दार?" डॉक्टरीणबाई हसल्या. "कुठे उघडणार ते? ही भिंत आमची नि मागच्या छापखान्याची एकच आहे. पाण्याची लाइन टाकताना पूर्ण प्लास्टर उतरवलं होतं आम्ही. आत सगळी जुनी वीट, कुठे चौकटीची खूणसुद्धा नव्हती. हात लावून बघा, यंत्र चालू असेल तर कळेल."

ठकूने तळहात टेकवला. भिंत बारीक थरथरत होती. पलीकडे कागद छापले जात होते. अंगण नव्हतं, टाकी नव्हती, दोरीवरचे कपडे नव्हते.

तिने घरी जाऊन दादाला फोन लावला. मागच्या दाराचं नाव काढताच तो म्हणाला, कुठलं मागचं दार? ते आत्याकडे होतं. अंगण, टाकी, कुंपणाची फट, सगळं आत्याकडचं. त्या घराला एकच दार होतं, पुढचं. तू दोन घरांची खिचडी केलीयस. मग थांबून त्याने विचारलं, की तुला हे आता कशाला हवंय? तिने दवाखान्याचं सांगितलं. त्या घराचं तोंड पाहायची इच्छा नाही, म्हणाला. ठकूने आग्रह केला नाही. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, की तुझी पुढची तारीख कधी आहे, रूट कॅनालनंतर एकटीने परतायचं म्हणजे बरं नाही, मी येतो.

तो आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, कुणाच्या घरी पाहुणा जावा तसा. काचेचं दार ढकलून आत पाय टाकताना त्याची मान किंचित वाकली, पूर्वीची चौकट बुटकी असावी तशी. टेबलामागे बसलेल्या मुलीने ठकूचं नाव लिहून घेतलं आणि आधीच्या पेशंटचं व्हायचं आहे, बसा, म्हणाली. दुसरं कुणी नव्हतं. भिंतीवर स्वच्छ दातांची चित्रं होती.

दादा बसला नाही. त्याने खोली डोळ्यांनी मोजली.

"केवढीशी आहे गं," तो म्हणाला. "मी इथे चेंडू खेळायचो."

ठकूने विचारलं, की आपण कुठे झोपायचो? तिला मैदानावर रेघा आखून दाखवाव्यात तसं तो हाताने दाखवू लागला. माझं अंथरूण इथे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कारण मी लोळायचो. ते पसरलं की तुझ्या खाटेला जागा उरायची नाही. म्हणून रात्री तुझी खाट दाराला आडवी लावायची. लोखंडी खाट. दार आत उघडायचं, तेव्हा ती हातभर सरकवल्याशिवाय कुणाला ये-जा करता यायची नाही. बाबा तुला आमचा पहारेकरी म्हणायचे.

"हे मला आठवत नाही," ठकू म्हणाली.

"तू झोपलेलीच असायचीस. आणि ती खाट ओढायची सोय नव्हती. फरशीवर असं किंचाळायची की अख्खी गल्ली जागी होई. एकदा घरमालक तणतणत आला होता. तेव्हापासून रोज सकाळी दूधवाल्याने कडी वाजवली की बाबा उशाकडून धरायचे, आई पायथ्याकडून, आणि तुझ्यासकट उचलायचे. तू ढिम्म उठायची नाहीस."

दादा बोलता बोलता रंगात आला होता. एरवी तो या घराबद्दल बोलतच नसे. आपण किती नीट लक्षात ठेवलंय याचं त्याला स्वतःलाच कौतुक वाटत असावं.

"त्या सकाळी तर मीच उचलली," तो म्हणाला. "दूधवाला केव्हाचा कडी वाजवत होता. मी आईला हाका मारल्या, ती येईना. मग बाबा आतून आले. म्हणाले, तू धर पायथ्याकडून. आईची बाजू मी पहिल्यांदाच धरली. जड होती, पण मी आवाज होऊ दिला नाही. बाबांनी दूध घेतलं, आत जाऊन तापत ठेवलं, आणि मग म्हणाले, आई कुठे दिसत नाही. म्हणजे तोवर ती केव्हाच गेलेली होती आणि खाट अजून दाराला आडवी—"

तो थांबला.

टेबलावरचा फोन वाजला. मुलीने तो उचलून कुणाला तरी उद्याची वेळ दिली. दादा काचेच्या दाराकडे पाहत होता.

"आडवी होती?" ठकूने विचारलं.

"होती."

"नक्की?"

"अगं, मी उचलली ना."

ठकू खुर्चीवरून उठली आणि दारापाशी जाऊन उभी राहिली. दाराला आतून पाठ लावली, म्हणजे खाट जिथे असायची तिथे. तिचा आवाज नेहमीसारखाच, कोरडा होता. पण ती सावकाश बोलली, एकेक शब्द तपासून घ्यावा तशी.

"घराला दार एकच. आई या दारातून बाहेर गेली. मग तिच्यामागे खाट परत कुणी लावली?"

"मी नाही," दादा म्हणाला. इतक्या घाईने म्हणाला, जणू कुणी त्याच्यावर आळ घेतला होता.

"तू नाही. आणि मी खाटेवर होते."

दादाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत डोळ्यांवर न घालता खिशात ठेवला.

"आधी काढतानाही एकट्याने ओढली असती तर आपण उठलो असतो," ठकू म्हणाली. "तू नाहीतर मी. नाहीतर गल्ली."

"बाबा उशाकडून," दादा पुटपुटला, "आई पायथ्याकडून." आणि मग, "मला कधी सुचलंच नाही गं. खाट मी उचललीय, आणि मला कधी सुचलं नाही."

तो पेशंटच्या खुर्चीवर बसला. तळहात गुडघ्यांवर ठेवले होते, खेळाच्या तासाला मुलांना बसवायचा तसे. ठकूला वाटलं, याच्या खांद्यावर हात ठेवावा. हात उचललाही तिने, पण तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं गेलं.

दाढेच्या आसपास थोडी भूल दिली होती. डॉक्टरीणबाई बारीक सुया आत घालत होत्या, बाहेर काढत होत्या, आणि अधूनमधून त्यांच्या मुलीच्या शाळेचं काहीबाही सांगत होत्या. ठकू छताकडे पाहत होती, पण छत टिपत नव्हती. तिला एकच गोष्ट उलगडत नव्हती. खाट काढताना दोघं होती. लावताना बाबा एकटे. ओढली असती तर किंचाळली असती. मग कशी लावली? खुर्चीवर पडल्या पडल्या तिने ती लावून पाहिली. पहिल्यांदा उशाकडचा एक पाय उचलायचा, बोटभर पुढे, ठेवायचा. मग दुसरा. मग पायथ्याशी जायचं, तिथले दोन. पुन्हा उशाशी. मध्ये खाटेवर सहा वर्षांची मुलगी, खाली अंथरुणावर मुलगा, आणि दारापर्यंत हातभर अंतर. बोटाबोटाने. किती फेऱ्या झाल्या असतील? उजाडत आलं असेल. आणि हे सगळं कशासाठी? आपल्याला झोप लागली होती असं म्हणता यावं म्हणून? की पोर उठेल तेव्हा तिची खाट होती तिथेच असावी म्हणून? हे कळायला आता कुणीच नव्हतं.

"आता चावून बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिने चावून पाहिलं. उंच लागतंय का? तिने नाही म्हटलं. काम झालं होतं. आठवड्यानंतर वरची टोपी बसली की दाढ नव्यासारखी, फक्त तिला काही जाणवणार नाही, असं सांगून त्यांनी खुर्ची सरळ केली.

बाहेरच्या खोलीत दादा नव्हता. टेबलामागच्या मुलीने काचेकडे बोट दाखवलं. तो बाहेर पायरीवर उभा होता, दाराला अगदी खेटून. ठकू बाहेर आली तरी तो सरला नाही.

"आत बसायचंस की," ती म्हणाली. एका बाजूचा ओठ वळत नव्हता, शब्द जाडेभरडे बाहेर पडले.

"आतलं इथे ऐकू येतं का, ते बघत होतो."

"येतं?"

"येतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चावून बघा. तू काय म्हणालीस ते नाही आलं. पण हालचाल कळते. हे जाड काचेचं दार. तेव्हाचं तर लाकडी होतं, बोट जाईल एवढ्या फटी होत्या त्याला. आई इथे थांबली असेल, तर तिला खाट परत लावल्याचं कळलं असेल."

समोरून एक बस गेली. रस्त्यापलीकडच्या दुकानात कुणीतरी शटर वर करत होतं. मग दादाने घसा साफ करून विचारलं, की आता पुस्तकात काय करणार?

"मागचं दार काढावं लागेल आधी," ठकू म्हणाली.

दादाने मान हलवली, जणू हे सुतारकाम होतं आणि त्याला ते पटलं होतं.

"किती वेळ उभा आहेस इथे?" तिने विचारलं.

"तुझं होईपर्यंत उभा राहिलो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो रस्त्याकडे पाहत होता. चष्मा अजून खिशातच होता.

गालाला हात लावलेला एक माणूस पायऱ्या चढून वर आला. वाट अडली म्हणून त्याने अदबीने विचारलं, की तुम्हाला आत जायचंय का?

"नाही, नाही. आम्ही निघालोच," दादा म्हणाला आणि त्याने त्या माणसासाठी दार धरलं. माणूस आत गेला. दार सावकाश आपलं आपण मिटलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग टेबलामागच्या मुलीचा आवाज, मग काही नाही. दोघं पायरीवर तशीच उभी राहिली, दाराकडे पाठ करून, कान मागे लावून.